लाल टिकलीखालचा आवाज

गाडी पेणला आली तेव्हा प्रभाकर त्याच्या नेहमीच्या खिडकीत नव्हता. तो अलीकडे त्याच्या गावी, जित्याला चढायचा आणि पेणला माझ्यासाठी जागा धरून बसायचा. झोपला असेल लेकाचा, असं मनात म्हणत मी रोह्याला उतरलो, कंपनीत पाय ठेवला, तर इन्स्ट्रुमेंटच्या खोलीतला फोन वाजत होता. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं... अडीच महिने झाले. मी अजून त्याला शिव्याच देतो.

आमचं काम कंट्रोलरचं. मशीनची सगळी अक्कल एका चिपमध्ये असते; निळ्या दिव्याच्या पेटीत ती वीस मिनिटं ठेवली की कोरी होते, मग नवा प्रोग्रॅम भरायचा. मी घायकुतीला येणारा. प्रभाकर मात्र आधी जुन्याची कॉपी फ्लॉपीवर घेई, ती उघडून ताडून पाही आणि मगच चिपच्या काचेवर त्याच्या बायकोच्या, कुंदावहिनींच्या पाकिटातली लाल टिकली लावी. त्या काचेतून उजेड आत गेला तर भरलेलं हळूहळू पुसतं, म्हणून टिकली, आणि लाल म्हणजे कॉपी घेतलेली. आमच्याकडे दमट हवेने फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून पावसाळा सरला की तो सगळ्या फ्लॉप्या नव्याने करी. मी चेष्टा केली की म्हणायचा, "पुसायला काय अक्कल लागत नाय. परत आणायला लागते."

गॅसगळतीचा भोंगाही त्यानेच बोलका केला होता. आठ सेकंदांची चिप, त्यात त्याचाच आवाज: "गॅस सुटलाय. सामान ठेवा, गेटवर चला." साहेबांना ही भाषा गावंढळ वाटली होती, पण सरावाच्या वेळी माणसं हातातलं टाकून निघायची ती त्या आवाजावरच. तो गेल्यावर मी जित्याला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या की घरात फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. "भावोजी, तेवढा कॅशेटवर आणून द्याल?" मी हो म्हणालो.

गेल्या आठवड्यात जमायची जागा गेटऐवजी मैदान ठरली, त्यामुळे भोंग्याचे शब्द बदलायचे निघाले. स्टोअरमध्ये कोरी चिप नव्हती. जुनीवर लाल टिकली दिसली... मी फ्लॉपी उघडूनसुद्धा पाहिली नाही. टिकली सोलली, चिप पेटीत ठेवली आणि चहाला गेलो. परत येऊन फ्लॉपी घातली, तर ती नुसती खरवडत राहिली. बुरशी. यंदा पावसाळा सरण्याआधीच तो गेला होता. स्पिरिटने पुसली, पेणच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या तिन्ही मशीनवर लावून पाहिली. चिप पुन्हा पुन्हा वाचली, सगळीकडे कोरं. अडीच महिने मी त्याच्या जाण्यावर चिडलो होतो, आणि जेवढा उरला होता तेवढा मीच पुसला. त्या क्लासमध्ये, सगळ्यांसमोर, मी रडलो. त्या चिपमध्ये दुसऱ्याचा आवाज भरायचा धीर झाला नाही. बाहेरून नवी मागवली.

रविवारी ती कोरी चिप घेऊन जित्याला गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी चिप हातात घेऊन विचारलं, "आता ह्यात कायच नाय?"

"काही नाही, वहिनी."

त्या उठल्या. आता घरात कुणीच न लावणाऱ्या टिकल्यांचं पाकीट फळीवरून काढलं. त्यातली एक लाल टिकली चिपच्या काचेवर चिकटवली आणि बोटाने नीट दाबून धरली.

"उजेड नको लागाया," त्या म्हणाल्या.