शेळीनं नळ उपटला तो दिवस

माझं माहेर सांगलीत, विश्रामबागेला. तिथं सकाळी नळ आला की आई आम्हाला अंथरुणातून उठवायची आणि आम्ही कुरकुर करत उठायचो. पाणी म्हणजे झोपमोड, एवढीच माझी समजूत. सासर मिळालं ते रहिमतपूरच्या पलीकडं, माळावरच्या एका छोट्या वस्तीत. विहीर खाली ओढ्याकाठी आणि घरं वर. पहिल्या दिवशी मी कमरेवर कळशी घेऊन चढ चढले, तेव्हा निम्मं पाणी साडीत आणि उरलेल्यातलं बरंचसं वाटेत सांडलं होतं. सासूबाईंनी कळशीत डोकावून बघितलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "च्यापुरतं हाय."

त्या स्वतः डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन, हात मोकळे सोडून, जावेशी गप्पा मारत चढायच्या. हसायच्या मात्र क्वचित. मला त्यांची जराशी भीतीच वाटायची.

मग दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्याकडं नळाची योजना आली. चर खणले, पाइप पुरले, माळाच्या टोकाला टाकी उभी राहिली. प्रत्येक दारात सिमेंटचा छोटा खांब आणि त्याला चकचकीत नळ. फक्त पाणी नव्हतं. नदीवरच्या मोटारीला वीज मिळायची होती म्हणे. ती काही मिळेना. सुरुवातीला आम्ही रोज नळ फिरवून बघायचो. नंतर बघणं सोडलं. सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई त्यांच्या नळावर फडकी वाळत घालायच्या. आम्ही आमच्या खांबाला शेळी बांधायला लागलो.

तो दिवस उन्हाळ्यातला. सकाळपासून सासूबाई आणि मी कुरडयांच्या मागे होतो. भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून पिळून, अंगणात जुन्या साडीवर कुरडया घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, गोल गोल, बघत बसावं अशा. एका कुरडईमागे किती पाणी लागतं ते विहिरीवरून आणल्याशिवाय कळत नाही. त्या राखायला सासूबाई दारात बसल्या होत्या, मी शेजारी.

तेवढ्यात नळ खोकला.

खरंच खोकला. आधी घर्रर्र, मग फुसफुस, मग म्हाताऱ्या माणसाला उबळ यावी तसा खोकला. शेळीनं कान टवकारले. नळानं जोरात शिट्टी मारली आणि शेळी जी उधळली ती कुरडयांवरून, दावं ताणून, जिवाच्या आकांतानं. दावं नळालाच अडकलेलं. कट् असा आवाज झाला. नळ दाव्यासकट शेळीच्या मागे उड्या मारत गेला आणि खांबातून पाण्याचा फवारा पत्र्याच्या वर उडाला.

आधी तांबडं पाणी, मातीचं. मग गढूळ. मग एकदम लख्ख.

मी किंचाळले, "आत्याबाई, कुरडया!"

अर्ध्या चिकट लगदा झाल्या होत्या, अर्ध्या अंगणातून वाहत निघाल्या होत्या. मी साडीचं टोक ओढायला धावले आणि घसरून मटकन बसले ती चिखलातच. वर बघितलं तर सासूबाई फवाऱ्याखाली उभ्या. पदर डोक्यावरून गळालेला, कुंकू ओघळून नाकावर आलेलं, आणि त्या हसत होत्या. तोंड भरून, दात दाखवून, पोट धरून.

"आगं जाऊ दे मसणात त्या कुरडया!" त्या ओरडल्या. "पानी बघ! पानी दारात आलंय!"

आरडाओरडा ऐकून सगळी वस्ती गोळा झाली. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दाणे काढलेलं मक्याचं कणीस पाइपात ठोकून बसवलं. "झालं!" म्हणून ते हात झटकतात तोवर कणीस बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं आणि थेट त्या धाकट्या जाऊबाईंच्या पाठीत बसलं. जाऊबाईंनी भरलेला तांब्या मामंजींवर ओतला. ज्या मोठ्या दिरांसमोर त्या कधी मान वर करत नसत, त्यांच्यावर! मग मामंजीच खो खो हसत सुटले, आणि त्यानंतर कोण कुणावर पाणी उडवतंय याचा पत्ता लागेना.

सासूबाईंनी भिजल्या हातांनी फोन लावला तो योजनेचं पाणी सोडायला नेमलेल्या माणसाला. तो रहिमतपूरच्या स्टँडवर चहा पीत होता.

"बंद कर की रं पानी!"

"आवं मावशी, कशाला चेष्टा करताय? नळाला कुठलं आलंय पानी?"

"आरं गड्या, मी भिजलीया! लुगडं पिळतीया हितं!"

मग तो म्हणाला, "मोटार चालू केली व्हय त्यांनी? मला कुनी सांगितलंच न्हाई!" आणि चहा तसाच टाकून मोटारसायकलवर सुटला.

तो येऊन टाकीची चावी बंद करेपर्यंत वस्तीतली सगळी भांडी भरली होती. हंडे, बादल्या, परात, कुकर, माझ्या लग्नात आलेला आणि कधी न वापरलेला काचेचा जगसुद्धा. चावी बंद झाल्यावर सासूबाई पायरीवर टेकल्या. त्यांनी तांब्यातलं पाणी एक घोट घेऊन तोंडात जरा घोळवलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"गोड हाय," म्हणाल्या, आणि तांब्या माझ्याकडं दिला. आम्ही दोघी एकाच तांब्यातून पाणी पीत बसलो, ओल्याचिंब. शेळी ज्वारीच्या खुंटांत उभी राहून आमच्याकडं बघत होती, जवळ यायला काही तयार नव्हती.

नवा नळ बसला. पाणी एक दिवसाआड येतं, कधी मोटार बिघडली तर तेही नाही, मग पुन्हा विहीर. पण त्याच आठवड्यात सासूबाईंनी पिशवी भरली आणि कराडला बहिणीकडं निघाल्या. सख्खी बहीण, एसटीनं जेमतेम दोन तासांवर. तिच्याकडं त्या लग्नकार्याला जायच्या आणि जेवून उठल्या की परत फिरायच्या, कारण सकाळचं पाणी भरायला कोण. मुक्कामाला अशा त्या कधीच राहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मागे दोघी म्हाताऱ्यांच्या हसण्याचा नुसता कल्ला.

"आत्याबाई, कधी येताय?"

"आज काय न्हाई येत," त्या म्हणाल्या. "उद्याबी न्हाई. आमी आत्ता प्रीतिसंगमावर भेळ खायला चाललोय, ठेव फोन!"