पानामागचा हात

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच उतारे, अंगात येणं, सगळं आमच्या घरातून बाहेर गेलं. मी नेरला ऑफिसात नोकरी करतो आणि उरलेला वेळ अनोळखी फुलं-झुडपं ओळखायच्या एका ग्रुपवर पडीक असतो. एवढंच आपलं वेड...

आई मागच्या वर्षी गेली. तिनं कुठूनतरी आणून अंगणात लावलेलं एक झुडूप होतं. लांबट पानं, तोडली की पांढरा चीक. नाव तिलाही माहीत नव्हतं. इकडे आमची ओवी रांगायला लागली आणि हाताला लागेल ते तोंडात! सुषमा, म्हणजे आमची बायको, म्हणाली की हे कण्हेरीसारखं विषारी निघालं तर काय करता, उपटून टाका. तिचं चुकत नव्हतं. पण बाबा रोज सकाळी त्याच झुडपाशी खुर्ची टाकून चहा घ्यायचे. त्यांनी एक पान हातात धरून पाहिलं. मग म्हणाले, "विषारी निंगालं तं मी सोता तोडतो. पण आधी नाव तं पाह्य त्याचं."

आमच्या ग्रुपचा नियम कडक आहे. पान, पानाची मागची बाजू, खोड, सगळ्यांचे वेगळे फोटो. आणि पानामागे हात धरायचा, म्हणजे आकार कळतो. यावरून मी लोकांना लई बोलतो, आणि त्या रविवारी स्वतःच विसरलो. दोन्ही हातांनी मोबाईल धरून फोटो काढले, न बघताच ग्रुपवर टाकले. भर दुपार होती. सुषमा ओवीला घेऊन माहेरी फुलसावंगीला, बाबा बाजारात. घरात मी एकटा.

थोड्या वेळानं मुकुटबनच्या एका जाणत्या काकांचं उत्तर आलं. काळा कुडा आहे, कण्हेरीसारखं विषारी नाही, बिनधास्त राहा. खाली लिहिलं होतं — "नुसत्या पानांवरून खात्री झाली नसती. ताईंनी पानं सारून शेंगा दाखवल्या, ते बरं केलं."

कोणत्या ताई?

फोटो उघडला. एका बाईचा हात... पानं अलगद बाजूला सारलेली, आत जोडीनं लोंबणाऱ्या, टोकाशी चिकटलेल्या दोन बारीक शेंगा. करंगळी वाकडी. बाकीच्या फोटोंत काहीच नाही. झुडपाकडे पळालो. शेंगा तिथंच होत्या, पार आत.

बाबा आल्यावर मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि खुर्चीत बसले.

"तुह्या मायचा हात हाये हा."

आईची करंगळी कुकरच्या झाकणात चेंगरली होती, तेव्हापासून तशीच वाकडी. मला वाटलं, आता रडतात. तर ते हसायलाच लागले. "जित्तेपणी फोटो काढू देत नव्हती. मोबाईल दिसला का पदर घे अन् पळ."

सुषमानं फोटो मोठा करकरून पाहिला, माझ्यावर एडिटिंगचा संशय घेतला, मग नाद सोडला. आता झुडपाला पाणी तीच घालते. मोबाईलच्या दुकानातल्यालाही दाखवलं, त्यालाही काही सांगता आलं नाही. खरं सांगू, मी आता उत्तर शोधतही नाही.

ओवीला आजी दाखवायची असली की बाबा तोच फोटो उघडतात. आईचा इतका स्पष्ट फोटो आमच्याकडे दुसरा नाहीच.