झाकणातली खिडकी

पहिल्या पगारातून घेतलेल्या, टीव्हीला जोडून चालणाऱ्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरची एक चिप जळली, तेव्हा दुकानांत पेन ड्राइव्ह आले होते. चेन्नईच्या इलेक्ट्रॉनिक्स गल्लीत जो तो हसून म्हणे, "ही चिप आता बनत नाही. भंगारात द्या." शेवटी मी मराठीतच करवादले, "तुम्हीच जा भंगारात!"

"आणा इकडे," जिन्याखालच्या टेबलामागून एक म्हातारा चक्क मराठीत म्हणाला. तंजावरकडचा असावा. नाव मी विचारलं नाही.

त्यानं जळकी चिप उचकटली. नव्या चिपचे पाय जुन्या सॉकेटात बसेनात, म्हणून मध्ये स्वतः बनवलेला चपटा अ‍ॅडॉप्टर घातला. वाकलेला एकेक पाय तो नखानं सरळ करी. मशीन सुरू झालं, पण चिप उंच झाल्यानं वरचं झाकण लागेना.

"आता काय करायचं?"

"काम चिप करते, अम्मा. झाकणानं वाट द्यावी."

त्यानं करवतीनं झाकणाला चौकोनी खिडकी पाडली. मग कॉम्प्युटरला जोडलेला टीव्ही उचलला आणि त्याचा उजळलेला पडदा समोरच्या दुकानांकडे वळवला.

आजही पाहुणे ती खिडकी बघून हसतात. मी पडदा त्यांच्याकडे वळवते.