बोटभर बिनरंगाची जागा

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या रंगवत आले. त्यातली एकही त्यांची नव्हती. कामावर ते सायकलने जायचे, आणि त्या सायकलचा रंग इतका उडाला होता की मूळचा कोणता ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ताई म्हणायची, "जगाच्या गाड्या चकाचक आणि घरची सायकल बघा." दाजी हसायचे. त्यांना हसायला फार काही लागायचं नाही. बोलायला मात्र लागायचं.

मी नोंदणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसतो आणि लोकांना गाड्यांचे कागद करून देतो. आम्हाला एजंट म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. करू देत. सगळ्यात वाकड्या तोंडाचा माणूसच सगळ्यात कोरा अर्ज घेऊन माझ्यापुढे बसतो. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तो आडवा येणार आहे.

गॅरेजमध्ये दाजींना मिटके म्हणायचे. ते त्यांचं आडनाव नव्हे. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ केला, उरलेले खड्डे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवले, पॉलिश पेपरने घासून काढले, की दाजी डोळे मिटायचे आणि त्यावरून तळहात फिरवायचे. सावकाश, वरून खाली, मग आडवा. "डोळ्याला उजेड फसवतो," म्हणायचे. केसाएवढा उंचवटा असला तरी हात तिथे थांबायचा. त्यांनी हात उचलला की मालक न बघता रंगाची गन भरायला सांगायचे.

साठी उलटल्यावर या माणसाने एक दिवस माझ्या टेबलापाशी सायकल लावली आणि म्हणाले, "एक जुनी मोटरसायकल घेतोय. माझ्या नावावर करून दे."

मला वाटलं, म्हातारपणी हे काय खूळ. गाडी एका टेलरमास्तरांची होती. दुकान बंद करून त्यांना बारा वर्षं झाली होती आणि गाडी त्याहून आधीपासून घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पडून होती. गोल टाकीची, भारी चाकांची. दाजी कामाला लागले तेव्हा उस्तादांनी पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली ती याच जातीच्या गाडीची टाकी होती. मास्तरांनी सवयीने दाजींच्या खांद्यांवरून नजर फिरवली, मनातल्या मनात माप घेतलं असणार, आणि म्हणाले, "गाडी न्या. पण कागद पक्के करा. माझ्या नावावर ठेवून मला मरायचं नाही. मागे पोरीच्या गळ्यात घोंगडं नको."

"मलाही माझ्या नावावरच पाहिजे," दाजी म्हणाले. "एक तरी."

त्या 'एक तरी'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

काम किचकट होतं, पण माझ्या हातचं होतं. नोंदणीची मुदत कधीच संपलेली. आधी तपासणी करून नोंदणी जिवंत करायची, मग नाव बदलायचं. तपासणीला लागते चेसिसची प्रिंट. हँडलच्या खाली सांगाड्याच्या मानेवर कारखान्यात ठोकलेला नंबर असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उठतात. तो कागद अर्जाला डकवायचा. नंबर हीच गाडीची ओळख. बाकी सगळं बदललं तरी चालतं, तो बदलून चालत नाही.

मी दाजींना बजावलं, "तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नका. मग काय ते सोन्याने मढवा."

"नुसता गंज काढतो," ते म्हणाले. "एवढी घाण घेऊन साहेबांपुढे कशी उभी करायची?"

पाहुणे यायच्या आधी घर झाडावं तसं ते बोलले, आणि मीही हो म्हणालो. ही चूक दोघांची.

पंधरा दिवसांनी मी पेन्सिल आणि कागद घेऊन गॅरेजवर गेलो. मालकांनी मागच्या अंगणात एक कोपरा त्यांना दिला होता. दाजींनी गाडी पूर्ण उघडली होती, आणि नुसता सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर उभा होता. गंज नावालाही नव्हता. राखाडी अस्तर मारून झालं होतं आणि तो सांगाडा अंड्यासारखा गुळगुळीत दिसत होता. मी मानेपाशी वाकलो. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं.

"दाजी, नंबर कुठाय?"

"तिथंच असेल."

"असेल म्हणजे?"

मी किल्लीने अस्तर खरवडलं. खाली चकचकीत सपाट लोखंड. एक रेघसुद्धा नाही. गंजाबरोबर त्यांनी नंबरही घासून टाकला होता.

मग माझा तोल गेला. नंबर घासलेली गाडी म्हणजे कार्यालयाच्या लेखी चोरीची गाडी. ती जप्त होते, तुकडे होऊन भंगारात जाते, आणि घासणारा चौकीत बसतो. हे सगळं मी ओरडून सांगितलं. शेवटी म्हणालो, "आंधळे आहात का तुम्ही? अकरा आकडे होते तिथे!" दाजींशी मी असा कधी बोललो नव्हतो. तो शब्द परत घेता आला तर मी आजही घेईन.

दाजी शांत होते. म्हणाले, "गंजाचे खड्डे वाटले."

"हाताला कळलं नाही? तुमच्या हाताला?"

"टाचणी आहे?"

माझ्या फायलीला टाचण्या असतातच. त्यांनी एक काढून घेतली आणि माझ्याकडे बघत डाव्या अंगठ्याच्या पेरात टोचली. चांगली खोल. रक्ताचा थेंब वर आला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"सव्वा वर्ष झालं," ते म्हणाले. "आधी करंगळ्या. मग सगळी बोटं. डॉक्टर म्हणतात, साखर आहेच, त्यात चाळीस वर्षं थिनरने हात धुतलेत."

"आणि डोळे? डोळ्यांना तरी दिसलं असतं ना!"

"डोळे मिटलेलेच असतात की," ते म्हणाले.

मी तिथल्या एका रिकाम्या डब्यावर बसलो. 'एक तरी' म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. हातात थोडं कळतंय तोवर एक गाडी स्वतःची, स्वतःच्या हाताची, स्वतःच्या नावाची करायची होती त्यांना. आणि तेवढंही उरलं नव्हतं.

"ताईला माहीत आहे?"

"नाही. इथंही कुणाला नाही. सांगू नकोस."

माझ्या धंद्यात वाटा दोन असतात. मी त्यांना सोपी सांगितली. माझ्या ओळखीचा एक जण लोखंडावर पंच मारून आकडे उठवतो. नंबर गाडीच्या बुकात होताच. अर्ध्या तासाचं काम, कुणाला पत्ता लागला नसता. दुसरी वाट खरं लिहून देण्याची. प्रतिज्ञापत्र, डॉक्टरांचा दाखला, चौकीचं पत्र, आणि जिथे नंबर घासला गेला तिथे, म्हणजे गॅरेजमध्ये, मालकासमोर आणि कामगारांसमोर पंचनामा. मग कार्यालय स्वतः नंबर ठोकून देतं. पण मिटकेंच्या हाताला कळत नाही हे पंचनाम्यात आलं, की मिटके संपले.

त्यांना सोपी वाट हवी होती. मी त्यांच्याकडे बघत होतो, मला ते दिसलं. "विचार करतो," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले आणि गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आल्यावर समोर बसले.

"तुझ्या त्या माणसाला सांगू नकोस."

"दाजी, नंबर तोच असणार. खोटं काय त्यात?"

"नंबर खरा रे. पण मारणारा हात चोराचा. बुकात माझं नाव घालायचं आणि वर ती धास्ती? जन्मात एक गाडी घेतली तीही लपवून चालवू?" मग म्हणाले, "लिही खरं काय ते. फक्त 'हाताला कळत नाही' असं लिही. 'हात गेले' असं लिहू नकोस."

मी तसंच लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिलं, जे मी कुणासाठी करत नाही.

पंचनाम्याला ज्या अधिकारी मॅडम आल्या त्या कडक म्हणून ओळखल्या जातात. त्यांनी दप्तरखान्यातून गाडीची मूळ फाईल काढून आणली होती. त्यात तपकिरी पडलेल्या कागदावर पहिल्या नोंदणीची पेन्सिल प्रिंट होती, अकराही आकडे शाबूत. टेलरमास्तर इस्त्रीचा सदरा घालून साक्षीला आले होते. मॅडम म्हणाल्या, "नंबर घासण्याची कारणं मी रोज ऐकते. मला पटलं तर पुढे." आणि त्यांनी प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं.

गॅरेजमधली ठोकाठोक थांबली होती. दाजी मान खाली घालून, दोन्ही हात मागे बांधून उभे होते. 'हाताला कळत नाही' हे शब्द आले तेव्हा मी मालकांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"तुम्हाला माहीत होतं हे?" मॅडमनी त्यांना विचारलं.

मालकांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "होतं."

दाजींनी मान वर केली.

"वर्ष होत आलं असेल," मालक म्हणाले. "मिटके, तुम्ही जेवायला गेलात की आम्ही तुमच्या कामावरून एकदा हात फिरवतो. राहिलं असेल तेवढं घासून घेतो. तुम्हाला कसं सांगायचं?"

दाजींनी विचारलं, "त्या पांढऱ्या गाडीचं दार?"

"दोनदा परत घासून काढलं."

"आणि डॉक्टरांची गाडी?"

"ती तुमचीच. तिला काही करावं लागलं नाही."

मालक खरं बोलले की खोटं, मला कळलं नाही. मी रोज खोटं ऐकणारा माणूस, तरी कळलं नाही. मॅडमनी आणखी काही न विचारता सही केली. दाजींनी अंगातला रंगाने कडक झालेला डगला काढला, घडी घातली आणि खुंटीला न लावता बरोबर घेतला. आपलं बिंग फुटलं याचं त्यांना तितकं लागलं नाही. वर्षभर जे काम आपलं समजून हातावेगळं केलं ते आपलं नव्हतं, हे लागलं. मालक नंतर दोनदा घरी येऊन गेले, त्यांच्याकडूनच ताईला सगळं कळलं. दाजी परत गेले नाहीत.

नंबर कार्यालयाच्या आवारात ठोकला. तिथल्या फिटरने एकेक आकड्याचा पंच लावून अकरा घाव घातले. दाजींनी सांगाड्याच्या मानेवर अंगठा ठेवला आणि मला विचारलं, "आला का?"

"आला," मी म्हणालो. मी त्यांना आकडे वाचून दाखवले.

पुढे कागद सरळ झाले. महिन्याभरात बुक आलं. मालकाच्या रकान्यात दाजींचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि घरी आणून अंगणात ठेवलेल्या सांगाड्याकडे पाठ करून बसू लागले. सहा आठवडे त्यांनी पॉलिश पेपर हातात धरला नाही. मी रविवारी जायचो. ताई चहा द्यायची आणि डोळ्यांनी मला सांगायची, काही बोलू नकोस.

शेवटी बोलली तीच. कपडे वाळत घालता घालता तडक येऊन म्हणाली, "दारात सांगाडा ठेवून सुतकात बसल्यासारखे बसता. एवढं मनात आहे तर करा की."

"कशाने करू?"

"तुमच्या हाताला कळत नाही ना? मग माझा घ्या."

तिने पदराला हात पुसले आणि टाकीवर ठेवले. दाजी म्हणाले, "असा नाही. सावकाश. वरून खाली, मग आडवा. आणि डोळे मिट." ताईने चाळीस वर्षं या माणसाच्या कपड्यांच्या वासाला नावं ठेवली होती. तिने डोळे मिटले.

"इथं जरा खोलगट लागतंय."

"किती?"

"आता किती ते कसं सांगू? नखाएवढं."

दाजींनी तिथे लांबी भरली. वाळल्यावर घासली. ताईने हात फिरवला. "अजून आहे." परत भरली. अशी आठ महिने ती गाडी झाली. भांडणंही कमी झाली नाहीत. ताई म्हणायची झालं, दाजी म्हणायचे परत बघ, आणि ती खरंच परत बघायची. शेवटी शेवटी तिचा हात आपोआप थांबायला लागला. ते पाहून दाजींचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

गाडी काळ्या रंगात तयार झाली त्या दिवशी टेलरमास्तर बघायला आले. आपलीच गाडी त्यांना ओळखू येईना. दोन फेऱ्या मारल्यावर मानेपाशी वाकले आणि म्हणाले, "इथं बोटभर रंगवायचं राहिलं की."

"राहिलं नाही," दाजी म्हणाले. "ठेवलंय."

तेवढी एक पट्टी उघडी होती, नुसतं ग्रीस लावलेली. चाळीस वर्षांत मिटकेंनी सोडलेली ती पहिली जागा. दाजी आत जाऊन बुक घेऊन आले आणि चष्मा लावला. ताईने ग्रीस पुसलं, डोळे मिटले, आणि अंगठा हळूहळू सरकवत एकेक आकडा सांगू लागली. दाजी बुकात आपल्या नावाखालच्या नंबरावर बोट ठेवून ताडून बघत होते. अकराच्या अकरा बरोबर निघाले.