खिशातल्या नेवऱ्या

आमच्या घरात सात दिवस एक पाहुणा येतो. त्याचं पोट माझ्यापेक्षा मोठं आहे. त्याच्यासमोर मोदक, पंचखाद्य, पातोळे, खीर असं सगळं मांडतात, वर ‘घे रे बाबा’ म्हणून हात जोडतात. त्याला कोणी काट्यावर उभा करत नाही. आणि मी, ज्याने त्याला इतकी वर्षं डोक्यावरून आणला आणि डोक्यावरूनच पोचवला, त्या माझ्या ताटातली भाकरी मात्र निम्मी करायची. हा न्याय मला आजपर्यंत कळलेला नाही. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण शिकलेल्यांनाही तो सांगता आला नाही.

झालं असं. आदल्या वर्षी विसर्जनाला गणपती डोक्यावर घेऊन वहाळाकडे जाताना मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, माझा पाय हलला. मी म्हणतो शेवाळ होतं. मुलगा म्हणतो गुडघा होता. त्याने मागून पाटाला हात लावला म्हणून देव सरळ राहिला, असं तो म्हणतो. मी म्हणतो, त्याने हात लावला म्हणून मी हललो. वर्षभर हा वाद चालला. मग तालुक्याच्या डॉक्टरने गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाला, “वजन उतरवा, नाहीतर हे गुडघे तुम्हाला सोडून जातील.” मी म्हटलं, जातील खंय? माझ्याशिवाय त्यांना आहे कोण? डॉक्टर हसला नाही. डॉक्टर लोकांना हसायला वेगळी फी द्यावी लागत असावी.

या वर्षी मुलगा आणि सून चतुर्थीच्या दोन दिवस आधी मुंबईहून आली. गाडीतून मखराचे खांब निघाले, दिव्यांच्या माळा निघाल्या आणि शेवटी एक काचेची चौकोनी फरशी निघाली. मला वाटलं देवाखाली ठेवायची. तो वजनकाटा होता.

मुलगा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, “बाबानू, ह्यो काटो पडवीत ठेवतंय. विसर्जनाच्या सकाळी ऐंशीच्या खाली इलात, तर गणपती तुमच्या डोक्यार. नायतर माझ्या.”

“आणि आता किती आसा?”

“चढा नि बघा.”

चढलो. आकडा सांगत नाही. बायको डोकावून म्हणाली, “ह्यात माझो अर्धो भाग धरलोहा की काय?” तिने नंतर पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मी मुलाला म्हटलं, ठरलं. माझा शब्द आहे. गावात माझ्या शब्दाला किंमत आहे. 

सून चांगली आहे. मुंबईला ऑफिसात असते, बोलते हळू. माझं ताट वाढलं की ती त्याच्यावर मोबाईल धरायची आणि सांगायची, “बाबा, यात इतक्या कॅलरी.” मी विचारलं, कॅलरी म्हणजे काय गो? ती म्हणाली, “अन्नातली ताकद.” मी म्हटलं, म्हणजे ताकद कमी खायची आणि गणपती उचलायचा? ती मग म्हणाली, “ताकद आधीच पोटात साठलीय बाबा. ती वापरायची.” बोट माझ्या पोटाकडे होतं. मी सदरा खाली ओढला.

घरात जमण्यासारखं होतं. आंबोळी एकच खायची, काळ्या वाटाण्याच्या उसळीतलं खोबरं बाजूला सारायचं, खीर वास घेऊन परत द्यायची. मी हट्टी आहे, आणि हट्ट पोटावर चालवला तर पोटही ऐकतं. अडचण घराबाहेर होती. आमच्या वाडीत दिवेलागण झाली की भजनाचा मेळ घरोघर आरतीला जातो. मी झांज वाजवतो. आणि आरती झाली की प्रत्येक घरी बशी येते. करंजीला आम्ही नेवरी म्हणतो. तर बशीत दोन नेवऱ्या, लाडू, कुठे खाजा, कुठे उसळ-पाव, आणि साखर घालून घालून घट्ट झालेला चहा. नको म्हणायची सोय नाही. देवाचं असतं, शिवाय त्या घरची बाई दारात उभी राहून कोणी काय टाकलं ते बघत असते.

खरं सांगून टाकायचं, वजन उतरवतोय म्हणून. सोपं होतं. पण मग लोक विचारणार कशाला, आणि गुडघ्यांची बातमी दुसऱ्या दिवशी आचऱ्याच्या बाजारात. अजून मला एसटीत कोणी उठून जागा दिलेली नाही. कोणी दिलीच तर मी दांडा धरून उभाच राहीन. म्हणून मी सदऱ्याचे खिसे कामाला लावले. लोक खाताना बोलतात, बोलताना एकमेकांची तोंडं बघतात, माझ्या हाताकडे कोण बघतो? नेवरी खिशात, लाडू दुसऱ्या खिशात, चहा तेवढा प्यायचा. घरी येऊन सगळं गोठ्यात रिकामं करायचं. देवाचा प्रसाद गायीला घातला तर कोणी नाव ठेवू शकत नाही.

गाय मात्र हुशार निघाली. चौथ्या दिवसापर्यंत ती माझ्या पावलांवरून हंबरायला लागली. गवताला तोंड लावेना. शेजारीण बायकोला विचारून गेली, “गाय गाभण आसा काय गो? पॉट सुटलाहा.” बायकोने मला गोठ्याच्या दारात गाठलं. सदऱ्याचे दोन्ही खिसे तेलाने काळपट झाले होते.

“तुमचा उतारलला तिच्या अंगार चढला,” ती म्हणाली. “आता तिका काट्यार चढवा.”

पाचव्या दिवशी चुलतभावाकडे आरती होती. त्याची आणि आमची शेतं लागून. मधल्या मेरेवरून आम्ही बरीच वर्षं एकमेकांच्या घरी पाणी प्यालो नव्हतो. त्याच्या मुलीच्या लग्नात ते मिटलं आणि आरत्या परत सुरू झाल्या. नवीन शिवलेल्या कपड्यासारखं होतं ते. दिसायला बरं, पण वाकताना जपावं लागे.

आरती झाली. बशी आली. भावजयीने नेवऱ्या स्वतः दिल्या. मी एक तोंडाजवळ नेली आणि माणसं बोलायला लागताच खिशात सोडली, मग दुसरीही. त्या खिशात आधीच्या दोन घरांचा माल होताच. मग सगळे देवाच्या पाया पडायला उठले. मीही गुडघे टेकून वाकलो, आणि खिसा उलटा झाला. एक नेवरी बाहेर पडली. मग दुसरी. तिसरी घरंगळत जाऊन मखराच्या पायाशी, उंदराच्या समोर थांबली. त्याला नैवेद्य दाखवल्यासारखी.

एखाद्याने हसण्यावारी नेलं असतं. पण भावजय पुढे आली, तिने ती उचलली आणि कडा बघितली. वाडीत सगळ्याजणी नेवरीची कडा फिरकीने कापतात. ती एकटी हाताने मुरड घालते. तिची नेवरी तिला अंधारातही ओळखता आली असती. ती आत गेली.

चुलतभाऊ म्हणाला, “दादानू, आमची नेवरी खिशात कित्याक?”

“घराक नेतंय.”

“कोणाक दाखवूक?”

बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही. आमच्याकडे भाऊबंदाच्या घरचं खाणं न खाता लपवून नेलं, तर त्याचा एकच अर्थ होतो. यात काहीतरी घातलंय असा वहीम आहे, आणि ते आता कुठल्यातरी भगतापुढे ठेवून ‘बघ रे काय ता’ म्हणून विचारायचं आहे. याच्याएवढी वाईट गोष्ट भावाबद्दल मनात आणता येत नाही. मेर सरकवली असती तरी चाललं असतं.

 मेळातला पखवाजवाला म्हातारा वाद्याची दोरी घट्ट करायला लागला. ती आधीच घट्ट होती.

“भूक नव्हती रे,” मी म्हटलं.

“भूक नाय तर बशीत ठेवचा, खिशात घालून नेतात कित्याक? बोला मगे.” त्याचा आवाज चढला नव्हता, त्याचंच मला भ्या वाटलं. “उद्यापासून आमी तुमच्या आरतीक येवचे नाय. तुमी आमच्याकडे येव नका. काय समजायचा ता समाजलंव.”

दारात सून उभी होती. मेळाबरोबर आरती ऐकायला ती रोज यायची. तिने तोंड उघडलं होतं, आता सांगणार असं दिसत होतं. मी हात वर केला. माझ्या गुडघ्यांबद्दल दुसऱ्याने बोललेलं मला चालत नाही.

“गुडघे गेले माझे,” मी म्हटलं. “डॉक्टर सांगता वजन उतरव. ऐंशीच्या खाली इलंय नाय, तर माझो झिल गणपती माझ्या डोक्यार देवचो नाय. म्हणान खाणंय नाय. सगळ्या घरातला खिशात घालून न्हेतंय नि गायीक घालतंय. तुझा एकट्याचा नाय. आता काय ता हसा.”

कोणी हसलं नाही. मग पखवाजवाला दोरी सोडून म्हणाला, “म्हणान तुझी गाय फुगली. आमच्या घरात वाद चललोहा, पाडो की पाडी.” आणि मग हसले. चुलतभाऊ हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला कळलं की त्याला अजून पटायला काहीतरी हवं आहे. तोंडच्या बोलण्यावर त्याने कधी मेरही सोडली नव्हती, माझ्यासारखाच.

मी पाटावर मांडी घातली. सहज नाही घातली गेली. आतल्या बाजूला बघून म्हटलं, “वयनी, बशी हाड गो.”

तिने बशी नाही आणली, डबा आणला. मी खाल्लं. पाच दिवस नुसता वास घेतलेला माणूस होतो मी. तोंडात पारी फुटली, गूळ-खोबरं आणि वेलची जिभेवर आली, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या नेवरीनंतर मी भाऊबंदकी विसरलो. नुसताच खात होतो. मोजल्या नाहीत. सुनेने मोजल्या असतील, पण तिने मोबाईल काढला नाही. भावजय म्हणाली, “पुरे ओ भावजी, गायीक ठेवा वायच.” तेव्हा कुठे चुलतभावाचे दात दिसले.

दुसऱ्या दिवशी बातमी वाडीभर. पहिल्याच घरात आरतीला गेलो, तर सगळ्यांना चटई आणि मला प्लास्टिकची खुर्ची. मी चटईवरच बसलो. उठताना दोघांनी हात दिला तो मी घेतला नाही. झांजांवर जोर देऊन उठलो. झांजा वाकल्या, त्या अजून तशाच आहेत.

विसर्जनाच्या सकाळी मी काट्यापाशी गेलो. सदरा काढला. चष्मा काढला. करगोटा काढला. दातांची कवळी काढून बायकोच्या हातात दिली. ती म्हणाली, “आणि काय ऱ्हवला? जीभ ठेवा काढून, तीच जड आसा.” चढलो. चष्म्याशिवाय मला काही दिसेना, पण कोणी बोलेना यावरून समजलं. ऐंशीच्या वर. थोडंच, पण वर.

मुलगा खाली बघत म्हणाला, “काटो जुनो झालोहा. बॅटरी गेली असात.”

“नवो आसा. चतुर्थीक हाडलंस.”

“बाबानू, घेवा तुमी. मी मागून धरतंय.”

यापेक्षा त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मागून धरलेला गणपती मला नको होता. “माझो शब्द आसा,” मी म्हटलं, पण कवळी नसल्यामुळे तो शब्द नीट बाहेर आला नाही. मग कवळी घालून परत म्हटलं.

दुपार उतरताना मुलाने पाट डोक्यावर घेतला. मी त्याच्या डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि झांजा घेऊन पुढे झालो. मेरेवर पोचल्यावर मागे वळून बघितलं, त्याचा पाय कुठे पडतो ते बघायला. आणि बघतच राहिलो. इतकी वर्षं मी देवाखाली चालत होतो. खालून काय दिसणार? मेर, दगड, माझेच अंगठे. तो जाताना कसा दिसतो ते मी कधी बघितलंच नव्हतं. भाताच्या हिरव्या लोंब्यांवरून त्याचं तोंड हलत हलत येत होतं, माझ्याकडे बघत. सात दिवस खाऊन पोट तस्संच. मला हसू आलं, आणि झांजेचा एक ठोका चुकला. पखवाजवाल्याने माझ्याकडे डोळे वटारले.

वहाळात कमरेएवढ्या पाण्यात मुलगा उतरला. मीही उतरलो. तो म्हणाला, “बाबानू, तुमी खंय?”

“ठरला ता वाटेचा. पाण्याचा काय ठराक नाय.”

त्याने विचार केला आणि मूर्ती माझ्या हातात दिली. पाण्यात मला वजन नसतं आणि गुडघेही नसतात. मी त्याला हळू सोडला. तो जरा वेळ वर राहिला, मग गेला.

काठावर चुलतभाऊ प्रसाद वाटत होता. माझ्या तळहातावर त्याने वाटली डाळ ठेवली आणि न हलता तिथेच उभा राहिला. मी ती त्याच्यासमोर तोंडात टाकली. सून बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

परत येताना रिकाम्या पाटावर वहाळातली वाळू ठेवून घरी न्यायची रीत आहे. मुलाने पाट उचलायला हात घातला. मी तो त्याच्या हातातून ओढला, चुंबळ त्याच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवली, आणि तिच्यावर पाट. मूठभर वाळू. तेवढ्याला कोणी काटा लावला नाही. चुलतभाऊ माझ्या मागोमाग चालत होता, आणि मेर आली तेव्हा त्याने पाटाला हात लावला नाही.