कुंदामावशीची तारीख

कुंदामावशी आमच्याकडे आली की कधी बसायची नाही. चहा उभ्यानंच प्यायची. कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायची, "बसणं माझं सैन्यात राहिलं, बाई."

ती मूळची नागपूरची, अमेरिकन सैन्यात नर्स. जखमी सैनिकांना उचलता उचलता तिच्या मणक्याची चकती सरकली आणि २००१ मध्ये नोकरी सुटली. लगेच तिनं अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. तपासणारा डॉक्टर घाईत होता. तिला वाकायला सांगितलं आणि ती वाकायच्या आतच 'पाठ नॉर्मल' लिहून मोकळा झाला. अर्ज फेटाळला गेला.

मावशी अपील करत राहिली. मी ओहायोतल्या डब्लिनमध्ये तिच्या शेजारी राहायला आले, तेव्हाही तेच चालू होतं. २००५ मध्ये दुसऱ्या डॉक्टरनं तिला नीट तपासलं. अपंगत्व मान्य झालं, पण त्या तपासणीच्या तारखेपासून. त्याआधी पाठ 'नॉर्मल' होती ना!

"मिळालं ना मावशी, सोड आता," मी म्हटलं.

"काय मिळालं?" ती उसळली. "चार वर्षं मी रांगत बाथरूमला जात होते, ते नाटक होतं? त्या पहिल्या डॉक्टरनं मला खोटं ठरवलं. आता त्याच्याच तोंडून त्याला खोटं पाडते की नाही बघ."

तो डॉक्टर आता जवळच कोलंबसमध्ये खासगी दवाखाना चालवत होता. मावशीनं पेशंट म्हणून सरळ त्याचीच अपॉइंटमेंट घेतली. मी ड्राइव्ह करत होते, ती मागच्या सीटवर आडवी. त्यानं तिला ओळखलं नाही. या वेळी मात्र हळुवार हातानं तपासलं, सैन्यातल्या काळातले एमआरआय उजेडात धरून पाहिले.

"हे फार जुनं आहे," तो म्हणाला. "२००१ मध्येच तुम्हाला वाकता येत नसणार. तेव्हा कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"एवढं लिहून द्याल का, डॉक्टर?" मावशीचा इतका गोड आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

सुनावणीत तिनं एकाच माणसाच्या सहीचे दोन्ही अहवाल न्यायाधीशांपुढे ठेवले. "कुठला खरा, ते त्या डॉक्टरांनाच विचारा," एवढंच बोलली. २००८ मध्ये निकाल लागला. तारीख पहिल्या अर्जाची धरली गेली.

निकालाची प्रत द्यायला ती स्वतः त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेली, मीही सोबत होते. भरल्या वेटिंग रूममध्ये त्यानं ती उभ्यानं वाचली. त्याचा उतरत गेलेला चेहरा बघून मला सणसणीत आनंद झाला.

"आय अ‍ॅम सॉरी," तो पुटपुटला. "अजून काय हवंय तुम्हाला?"

"माझ्यासारखी आणखी किती माणसं न बघता परत पाठवलीत, तेवढं आठवा. तुम्हाला आठवलं नाही तर मी शोधीन."

गाडीत मी विचारलं, "आता तरी माफ केलंस?"

"छे गं. आत्ता कुठे सुरुवात झालीय."

त्याच वर्षी मला दूर पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेले, तर तिच्या दारात काठी टेकत एक अनोळखी माजी सैनिक उभा होता. मावशीनं मला घट्ट जवळ घेतलं, डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळून विचारलं, "तुमची पाठ कुणी तपासली होती?"