लॅबमधलं गार भांडं आणि मी

लॅबमध्ये साफसफाईला लागल्यापासून माझ्याकडे गोष्टींचा असा ढीग साचलाय, की भाकरी थापताना एक सांगायला घेतली तर तव्यावरची करपते! सासूबाई म्हणतात, "तुला पगार कामाचा देत्यात का करमणुकीचा?" माझं शिक्षण सातवी आणि स्वभाव घाबरट. त्यामुळे बहुतेक गोष्टींत फजिती माझीच.

*

पहिल्याच दिवशी सरांना विचारलं, "इथं नेमकं करतात काय?"

सरांनी माणसाएवढं स्टीलचं भांडं दाखवलं. "आत हेलियम वायू असतो. बर्फाहून कितीतरी गार. त्याला खालून किंचित ऊब द्यायची. मग तो खालीवर घुसळतो, भात रटरटतो तसा. तळाची ऊब वर किती पोचते, ते मोजायचं."

घरी नवऱ्याला सांगितलं, "आधी गार करतात, मग तापवतात, मग किती तापलं ते बघतात."

नवरा म्हणाला, "माझ्या चहाचं तू रोज हेच करतेस!"

*

त्या भांड्यावर पीएच.डी. करतात त्या रेश्मा मॅडम. देवळाली प्रवराच्या. हेलियम महाग, सारखा मिळत नाही. रीडिंग काही बसेना, कारण बाहेरची उष्णता कुठून तरी आत शिरत होती. वडिलांनी फोनवर बजावलेलं, "ह्या खेपेला जमलं तर शिक. न्हाईतर घरी ये, स्थळं आलीत."

मॅडम जेवायच्यासुद्धा नाहीत. मी त्यांच्यासाठी देवाला हात जोडायचे. भांड्यालाही जोडायचे!

*

भांडं आधी लिक्विड नायट्रोजननं गार करतात. पहिल्यांदा ओतताना जमिनीवर पांढरे लोट पसरले. मी ओरडले, "जळालं!" आणि मॅडमचं मनगट धरून थेट बाहेर पळाले. मॅडम हातातल्या नरसाळ्यासकट रस्त्यावर!

"ताई, धूर नाही हो, गार वाफ आहे!"

तेव्हापासून ओतायची वेळ आली की मी दारातच उभी राहते. सर सगळ्यांना सांगतात, "आमच्या ताईंचा एक पाय लॅबमध्ये, एक मनमाड रोडवर!"

*

माझी मुलगी दोन वर्षांची. एकदा तिला कणकण होती आणि माझा सासूबाईंना फोनवर फोन. "आई, कपाळ गरम लागतंय का? आणि पाय?"

सर म्हणाले, "आमचंही तेच, ताई. वर एक थर्मामीटर, खाली एक. फक्त तुम्ही घाबरता, आम्ही लिहून घेतो."

तेवढ्यात सासूबाई फोनमधून कडाडल्या, "पोरगी हाय गार! हा मोबाईल लई तापलाय, आता त्याला औषध पाज!"

*

शेवटच्या खेपेचा हेलियम आला. मॅडम रोज बॅटरी घेऊन भांड्याभोवती फिरायच्या. म्हणायच्या, "उष्णता शिरायला फट असती तर तिथं बाहेर बर्फ धरला असता. कुठेच नाही!"

एका सकाळी त्या लवकर येऊन टेबलाखाली वायरी बघत होत्या. मला दिसल्या नाहीत. मी नेहमीप्रमाणे भांड्याच्या मागच्या सांध्याला फडकं लावलं. "ये गं बाई, नाक पुसू दे. रोजचं मेलं तुझं!"

टेबलाखालून आवाज आला, "रोजचं?"

"व्हय मॅडम. रात्रभरात पांढरं पांढरं धरतं. तुम्ही यायच्या आत पुसून टाकते. घाण दिसायला नको."

मॅडम इतक्या जोरात उठल्या की टेबलाला डोकं आपटलं. "सर!"

माझी नोकरी गेली असं समजून मी रडायलाच लागले. पण सर माझ्याकडे बघायलाच तयार नाहीत, दोघं त्या सांध्याला चिकटलेले! सांध्यातली झिजलेली रबराची रिंग बदलली. पुन्हा सगळं गार केलं. उरलेला हेलियम भरला.

कॉम्प्युटरवरची रेष वर गेली, खाली आली, आणि हळूहळू सरळ व्हायला लागली. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. एवढ्यात मॅडमचा फोन वाजला. वडील!

मॅडम कुजबुजल्या, "तुम्ही घ्या ताई. मी हलले तर रेष हलेल!"

मी घेतला. पलीकडून दणदणीत आवाज, "काय गं, बसलं का रीडिंग?"

मी तोंडावर पदर धरून म्हणाले, "बसतंय बाबा. पण तुमी जरा हळू बोला!"